मावशीची लोंबीवाली देवी

गेल्या रविवारी मावशीबरोबर उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये गेले होते. मावशी चामटोलीची, घरची भातशेती. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक झिजून गुळगुळीत झालेत, ते आटवून नवे करायचे होते.

दुकानदार काका सिंधी. त्यांनी एकेक टाक भिंगाखाली धरला, पाच बाजूला ठेवले... सहावा मात्र मावशीला परत दिला.

"ताई, हा टाक नाही. सिक्का आहे, बहुत पुराना. गलाने से पहले सोच लो."

"सिक्का कसला? ती आमची लोंबीवाली," मावशी म्हणाली. "सासूच्या सासूपास्नं हाय घरात."

मला जुन्या नाण्यांचा थोडा नाद आहे, म्हणून भिंग मागून घेतलं. एका बाजूला उभी बाई, हातात धान्याची कणसं, पायाशी पायलीसारखं माप. दुसऱ्या बाजूला पानांचा मुकुट घातलेला पुरुष, भोवती झिजलेली इंग्रजीसारखी अक्षरं... हे आटवायचं नाही, असं मी मावशीला सांगितलं.

अंबरनाथला माझे एक जुने सर राहतात, नाण्यांचे जाणकार. येताना त्यांच्याकडे उतरलो. त्यांनी वजन केलं, बराच वेळ पाहिलं... रोमन नाणं, बहुतेक अस्सल. पुरुष म्हणजे तिथला सम्राट, पण कुठला ते लागेना. बाई म्हणजे अन्नोना, त्यांची धान्याची देवी. व्यापारातून अशी नाणी आपल्याकडे येत.

काकांनी गुपचूप आटवलं असतं, तर आम्हाला कळलंही नसतं.

मावशीचा चेहरा मात्र उतरला. "म्हंजे इतकी वर्सं परक्याची देवी पुजली मी?"

सर म्हणाले, "मावशी, त्यांच्या शहरात धान्य जहाजांनी यायचं. ते वेळेवर यावं, लोकांची पोटं भरावी, म्हणून तिला नाण्यावर घेतली."

मावशीनं नाणं तळहातावर घेतलं. "मंग बरोबर हाय. आमी पयली लोंबी तिलाच दाखवतो, त्येच्याचसाठी." नाणं उलटं करून म्हणाली, "आनि ह्या बाप्याला मूळपुरुष म्हनून कुंकू लावतो." सर हसले.

म्युझियमचा विषय मी काढला. "फोटो ने," एवढंच म्हणाली. यापुढे राखेनं घासायचं नाही, हे मात्र कबूल केलं.

इतकी वर्षं मी नाणं हातात आलं की राजा कोण, तेच आधी शोधायचे... बाईच्या हातात काय आहे, ते मावशीच्या घरात एक अक्षर न वाचता कळलं होतं.