पाम लावू की साग?

रोपवाटिकेत दोन खुर्च्या आणि चहाची किटली ठेवली, की किस्से आपोआप साठतात. पाणी मात्र साठत नाही! भोकरदन रोडवर मी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त दिनकर मिळून रोपवाटिका चालवतो. गेली काही वर्षं गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच असतो: तेलाचा पाम लावू की लाकडासाठी साग?

दिनकरने नमुना म्हणून दारात पामाचं एक झाड लावलं. जो तो विचारायचा, "नारळ कधी लागतील?" वैतागून त्याने पाटी लावली, 'हा नारळ नाही.' दुसऱ्याच दिवशी एकाने पाटी नीट वाचली आणि म्हणाला, "मंग खजूर कधी लागतील?"

एका गुरुजींना मी सगळं समजावलं. पाम चौथ्या वर्षापासून पैसा देतो, साग वीस वर्षं घेतो. पण पामाला पाणी रोज लागतं, आणि भरपूर. गुरुजी उठलेच. "रोज? अहो, आम्ही पाव्हण्यालाबी अर्धाच गिलास देऊन राह्यलो!"

दोन भावांचा बांध एक. थोरल्याने साग नेला, धाकट्याने पाम. काही वर्षांनी धाकटा तक्रार घेऊन आला. "दादाच्या सागाची सावली माझ्या पामावर पडती. त्याला सांगा."

"तुम्हीच सांगा की!"

"आम्ही बोलत न्हाई."

जाताना त्याने खताच्या दोन गोण्या घेतल्या. एक पामाला, एक दादाच्या सागाला.

दिनकर सगळ्यांना ऐकवतो, "पाम म्हणजे दुभती म्हैस, साग म्हणजे बँकेतली एफडी!" एकदा एक आजोबा म्हणाले, "बराबर आहे. पण एफडी मोडायच्या वख्ताला घरात कुणी पायजे ना." दिनकर खो-खो हसला. मला नाही हसू आलं. माझी लेक हैदराबादला असते. यंदा दिवाळीलाही आली नाही, आणि मला तिची फार आठवण येते.

शेजारच्या गावचे भाऊराव बायको गेल्यापासून एकटेच राहतात. ते रोपं घ्यायला आले, तेव्हा पुण्याचा मुलगा फोनच्या स्पीकरवर होता. "बाबा, साग लावा. लावायचा आणि विसरून जायचं. कुणी बघायलाही यावं लागत नाही. मी थेट तोडायलाच येतो!"

फोन बंद झाला. भाऊरावांनी मला विचारलं, "अन् पामाचे घड किती दिवसाला तोडा लागतेत?"

"दर पंधरा दिवसांनी."

"थांबता येत न्हाई?"

"बिलकुल नाही. पण भाऊराव, तुमच्या बोअरला पाणी नाही, जवळपास तेलाचा कारखाना नाही. तुम्हाला सागच परवडेल."

"मंग एकच पाम द्या."

"एका झाडाचं तेल कोण काढणार?"

"तेल ऱ्हाऊ द्या. तुम्ही फकस्त माझ्या पोराला फोन करून सांगा, दर पंधरा दिवसाला यावं लागंल."