आत्याचा हलका हात

माझ्या आत्याचा हात हलका आहे, हे प्रमाणपत्र दवाखान्याचं. सगळी नोकरी तिने नवजात बाळांच्या विभागात नर्स म्हणून काढली. वितीएवढ्या बाळाला सुई टोचायची वेळ आली की मोठे डॉक्टरही म्हणायचे, "सिस्टरना बोलवा." तोच हात घरात. ती दार लावते तेव्हा कडी वाजत नाही, भांडी घासते तेव्हा शेजारी कळत नाही. मी पडले आदळआपट करणारी. त्यामुळे लहानपणापासून आत्याच्या तोंडून मी सगळ्यात जास्त वेळा काय ऐकलं असेल, तर "हळू गं!"

निवृत्त झाल्यावर आत्याने भाड्याच्या दोन खोल्यांत बसून डॉक्टरांच्या रेकॉर्डिंगवरून अहवाल टाइप करायचं काम धरलं. त्यावर तिचं छान चाललं होतं. मग जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. तयार नवा आणायचा सोडून बाईसाहेबांनी सुटे भाग आणले आणि व्हिडिओ बघून स्वतः जोडायला घेतले.

"हा कुठला नसता उद्योग?" मी विचारलं.

"तयार आणलेलं बिघडलं की माणूस बोलवावा लागतो. स्वतः जोडलेलं बिघडलं की आपलं आपल्याला कळतं."

मी कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी दुपारी जोडणी संपली. मी सुटीला आले होते, म्हणून मी हजर. माझे बाबा मात्र खास आले होते. बाबा आत्याचे धाकटे भाऊ. साठी उलटली तरी ती त्यांना बाळच म्हणते. "एकटी कशी राहणार तू, ताई? माझ्याकडे चल," हे त्यांचं पालुपद वर्षभर चाललं होतं. जुना कॉम्प्युटर बंद पडला त्या दिवशी आत्या वैतागून बोलून गेली होती, "हे काम सुटलं तर येईन हो तुझ्याकडे." बाबांनी तो शब्द घट्ट धरून ठेवला. सोमवारी सकाळी अहवाल पोचले नाहीत, तर काम दुसऱ्या कुणाला जाणार होतं. म्हणजे भाडं थकून खोल्याही जाणार.

आत्याने बटण दाबलं. पंखे फिरले, आत निळा दिवा लागला, मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण पडदा काळा तो काळाच. थोड्या वेळाने डबा पीं... पीं... करून रडायला लागला.

"गेला," बाबा म्हणाले. आवाजात दुःख औषधालासुद्धा नव्हतं.

"रडतोय म्हणजे जिवंत आहे," आत्या म्हणाली आणि कामाला लागली. पडद्याची वायर बदलून पाहिली. मागे लावलेलं सगळं काढून परत लावलं. वीजजोडणी तपासली. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना. प्रत्येक वेळी पंखे फिरायचे, डबा रडायचा आणि बाबा घड्याळ बघायचे. तिच्या कपाळावर घाम आला होता. आत्याला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि मला बाबांचा मनापासून राग आला.

शेवटी मी दुकानदाराला फोन लावून तिच्या हातात दिला.

"बाई, पीं पीं करतोय म्हणजे त्याला रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, सापडत नाहीये," तो म्हणाला. "ती पट्टी खाचेत बसवताना टक् असा आवाज आला होता का?"

"आवाज? छे हो. मी अगदी हलक्या हाताने बसवली."

"तिथेच घोळ झाला! हलक्या हाताने नाही बसत ती. अंगठ्यांनी चांगली दाबा."

आत्याने वीज बंद केली आणि दोन्ही अंगठे पट्टीवर ठेवले. पण ते अंगठे जोर करायलाच तयार होईनात. ती दाबायची, पट्टी जराशी करकरायची आणि हात आपोआप मागे यायचा.

"मोडेल गं," ती पुटपुटली.

बाबा पुढे सरसावले. "हो बाजूला, ताई. मी दाबतो."

"हात लावू नकोस!"

ही आमची आत्या ओरडली होती. बाबा होते तिथेच थबकले. तिने ओठ आवळले, डोळे मिटले आणि अंगठ्यांवर सगळा भार टाकला.

टक्. मग पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, टक्.

बटण दाबल्यावर डबा एकदाच पीं म्हणून गप्प झाला आणि पडदा उजळला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं की डिस्क सापडत नाही.

"बघ, अजून काहीतरी आहेच," बाबा आशेने म्हणाले.

"तिची वायरही मी हलक्याच हाताने लावली असणार," आत्या म्हणाली. वीज बंद करून तिने तीही ठामपणे आत ढकलली. या वेळी सगळं सुरळीत सुरू झालं. माझा जीव भांड्यात पडला. मी आत्याला मिठी मारली आणि ती चक्क "हळू गं" म्हणाली नाही.

बाबा खुर्चीत बसून होते. चेहरा असा पडलेला, की माझा राग कुठल्या कुठे गेला. आई गेल्यापासून ते मोठं घर त्यांना खायला उठतं, हे मला ठाऊक होतं. पण ते बोलून दाखवणं ना त्यांना जमायचं, ना मला.

आत्या त्यांच्यासमोर येऊन बसली.

"बाळ, मी येणार नाही. आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. एकटं कोणाला राहवत नाहीये, तुला की मला?"

बाबा स्वतःच्या बोटांशी चाळा करू लागले. मग लहान मुलासारखे म्हणाले, "मी इथे रोज आलो, तर तुझ्या कामात अडचण होईल का गं?"