ओरेस्टनं मोडीत काढलेली बस

ओरेस्ट पिधोर्नीनं गाडी संपली म्हटलं की आमच्या गावात तिचं सुतकच सुरू होतं. चाळीस वर्षं तो गॅरेज चालवतोय. बोलणं तुटक, कॉफी काळी आणि चूक नेहमी दुसऱ्याची. माणूस मला आवडतो, पण त्याची ही ऐट डोक्यात जाते.

जानेवारीत माझी शाळेची बस रोज सकाळी गिअर बदलताना झटके द्यायला लागली. वीसेक मिनिटांनी आपली आपण शहाणी व्हायची.

ओरेस्ट म्हणाला, "गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलत असेल. सकाळी मी येईपर्यंत बस सुरू करू नकोस. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकच आकडा दाखवतात."

सकाळी बाहेर उणे एकतीस. त्यानं अंगणात येऊन बसला कॉम्प्युटर जोडला. इंजिन चोवीस, गिअरबॉक्स चोवीस.

"सेन्सर बरोबर आहे, वेरा. गिअरबॉक्सच गेलाय."

शाळा मंडळाकडे नव्या गिअरबॉक्सला पैसे नव्हते. गुरुवारी दुपारच्या बैठकीत ठरणार होतं: बस मोडीत, तेरा पोरं शेजारगावच्या बसमध्ये दोन-दोन तास, आणि मी घरी.

गुरुवारी सकाळी निघताना बसच्या इंजिन-हीटरची वायर घराच्या प्लगमधून काढली. इथं हिवाळ्यात ती रात्रभर लावायचीच, नाहीतर इंजिन गोठून बसतं. वायर गुंडाळता गुंडाळता माझा हात थांबला. पोरांना शाळेत सोडलं आणि बस थेट गॅरेजात घातली. रोज तिथं कॉफी प्यायला जमणारे चौघे बसले होतेच.

"ओरेस्ट, हीटर इंजिनाला असतो ना? मग त्या थंडीत गिअरबॉक्स चोवीस कशानं झाला?"

"आता तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही रे बाबा, विचारतेय."

त्यानं कप ठेवला. कॉम्प्युटर घेऊन बसमध्ये चढला. इंजिन पंच्याऐंशी. चाळीस किलोमीटर पळून आलेला गिअरबॉक्स अजून चोवीसच. खाली वाकून त्यानं गिअरबॉक्सला हात लावला आणि चटका बसताच मागे घेतला.

दुपारी बैठकीत मंडळाच्या अध्यक्षा ग्लाडिसबाईंनी वाचायला घेतलं, "ओरेस्टच्या मते गिअरबॉक्स निकामी..."

"खोटं आहे ते," मागून आवाज आला. ओरेस्ट टोपी हातात धरून उभा होता. "गिअरबॉक्स ठणठणीत आहे. सेन्सर चोवीसवर अडकलाय, म्हणून सकाळचं गारठलेलं तेलही गाडीला गरम वाटतं आणि ती झटके देते. हीटरची वायर लावलेली होती, तरी मी दोन आकडे जुळवून बसलो. इथं जन्मलेल्या माणसानं असं करू नये. मी केलं."

कुणी हसलं नाही.

"मग बसचं काय?" ग्लाडिसबाईंनी विचारलं.

"गिअरबॉक्सखालचं तेलाचं पात्र उतरवून सोमवारपर्यंत नवा सेन्सर बसवतो. वेराला चालवू द्या."

तो खाली बसला तेव्हा त्याचे कान लालभडक झाले होते. नोकरी वाचली म्हणून मी तिथंच रडले. थोडी त्याच्यासाठीही रडले.