कंट्रोलरवरचं कुंकू

पॅनेलचं दार उघडलं की आधी कुंकवाचं बोट दिसतं. गेल्या खंडेनवमीला मालकांनी स्वतःच्या हाताने ते कंट्रोलरवर उमटवलंय. कंट्रोलर म्हणजे आमच्या पॅकिंग मशीनचा मेंदू. पिशवीचं तोंड चिकटवणारी दाबपट्टी कधी खाली यायची, कधी थांबायची, हे त्याच्यातला प्रोग्रॅम ठरवतो. तो प्रोग्रॅम सांभाळायचं काम माझं, आणि मला तो धड येत नाही.

कोर्सला पाठवा म्हटलं, तर मालक म्हणाले, "मोबाईलवर सगळं फुकट शिकायला मिळतं की. आपली कंपनी लहान आहे, समजून घ्या."

मग सरावाला एखादा जुना कंट्रोलर तरी घेऊ या म्हटलं.

"हा काय समोर आहे ना! करा सराव."

म्हणून मी चालू मशीनवर शिकतो. पोहायला शिकणारा निदान स्वतः बुडतो. इथे पट्टीखाली हात पिशव्या लावणाऱ्या सुनीताबाईंचा असतो. मी लॅपटॉप जोडला की त्या हातातली पिशवी खाली ठेवतात, दोन पावलं मागे सरकतात आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून उभ्या राहतात. एवढी स्वच्छ शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही, आणि ती माझ्या एकट्यासाठी नाही.

पूजेच्या दिवशी मशीन बंद ठेवायची रीत आहे. यंदा मी ते चालू ठेवणार आहे. मालकांनी खुशाल कुंकू लावावं, पण सुनीताबाई रोज हात घालतात तिथे, पट्टीखाली.