वाचण्याआधीच मंजूर झालेला शोधनिबंध

राष्ट्रीय चर्चासत्रात माझा पहिला शोधनिबंध एकमतानं मंजूर झाला.

शोधनिबंध मंजूर करायचा नसतो. तो वाचायचा असतो, आणि जमलं तर ऐकायचा असतो. हे मला माहीत होतं, आयोजकांना माहीत होतं, सभागृहाबाहेरच्या शिपायालासुद्धा माहीत होतं. फक्त आमच्या गावाला माहीत नव्हतं. आणि त्या दिवशी सभागृहात बहुमत आमच्या गावाचं होतं!

आधी गावाची ओळख सांगते, मग माझी तक्रार. युसूफ वडगावच्या बाजूला आमचं गाव. गावात सहकारी दूध संस्था. तिचे चेअरमन माझे वडील, म्हणजे दादा. आणि त्या संस्थेविरुद्ध पत्रकं काढणारी गावातली एकमेव व्यक्ती म्हणजे मी, वैशाली. (दोघं एकाच चुलीपुढं जेवायचो. पण तत्त्व म्हणजे तत्त्व!)

माझा राग संस्थेच्या वार्षिक सभेवर होता. ही सभा म्हणजे लोकशाहीचा भरदिवसा पाडलेला मुडदा! सेक्रेटरी उभे राहून म्हणणार, "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून..." की पुढून दादांचा आवाज, "मंजूर?" आणि मागून अख्खी सभा, "मंजूर! मंजूर!" (अहो, विषयातच 'वाचून' असा शब्द आहे! पण तो वाचायलाही कुणी थांबत नाही.) असे सगळे विषय उरकले की माणसं उठून चहाकडं. मी दर वर्षी पहिल्या 'मंजूर'ला ताडकन उभी राहायची, "निषेध असो!" म्हणून ओरडायची, पत्रकं उधळायची आणि तरातरा सभात्याग करायची. पत्रकाचं शीर्षक ठरलेलं : 'न ऐकता मान डोलावणाऱ्यांनो, जागे व्हा!!!' उद्गारचिन्हं तीन. चौथ्याला छापखानेवाला नाही म्हणाला.

दादा शांतपणे पत्रक घडी घालून खिशात ठेवायचे. "वैशे, समदं ऐकत बसलं तर धारा कोन काढील?" एवढंच.

तर त्या दुष्काळात (विहिरीत बादली सोडली की ती कोरडी वर यायची, वर धूळ झटकावी लागायची, असा दुष्काळ!) जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या राष्ट्रीय चर्चासत्राचं पत्रक माझ्या हातात पडलं. विषय : 'दुष्काळ, सहकार आणि मराठवाड्यातील समाज'. शोधनिबंध मागवले होते. प्रत्येकाला दहा मिनिटं. व्यासपीठावरून पूर्ण वाचलेले निबंध पुस्तकात छापणार. माझं नाव पुस्तकात! पत्रकातलं नाव पावसात धुऊन जातं, नाहीतर त्यात कुणीतरी भजी बांधून देतं. पुस्तकातलं नाव कपाटात बसतं!

आणि नुसती हौस नव्हती. माझ्या मॅडमकडं पीएच.डी.ची एकच जागा उरली होती आणि दारात दोघं उभे होतो : मी, आणि पाटोद्याकडचा अंकुश. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "दोघंही निबंध वाचा. ज्याचा छापून येईल त्याला घेते. दोघांचे आले तर मी स्वतः वाचून ठरवीन."

मी घरी आले ती उडतच. निबंध लिहून काढला : 'दूध संस्थांच्या सभा आणि न ऐकण्याची संस्कृती'. संस्कृती हा शब्द टाकला की पत्रकाचा निबंध होतो, हे मला तोवर कळलं होतं. आणि आनंदाच्या भरात मी ती चूक केली. घरात सांगितलं.

आई म्हणाली, "व्यासपीठावर जायचं? मग ती हिरवी साडी नेस."

बापूकाका, म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, तेवढ्यात ओसरीवर आले. तालुक्यातली एकही सोसायटीची निवडणूक त्यांच्याशिवाय झाली नाही. (जिंकली किती ते विचारू नये.) त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हा त्यांचा कामाला लागल्याचा इशारा.

"जागा किती?"

"एकच, काका."

"समोर कोन उभं हाय?"

"समोर म्हणजे... पाटोद्याकडचा एक मुलगा आहे. अंकुश."

"त्याच्याकडून मानसं किती येतेत?"

"काका, माणसं कशाला येतील? निबंध वाचायचाय!"

बापूकाका दादांकडं बघून हसले. "दादा, पोरगी भोळी हाय. ह्यो पाटोद्याचा गडी टेंपो भरून आनतोय, आन आपली एकटीच यष्टीनं जातीया!"

"काका, तिथं मतदान नसतं!"

"समदे असंच म्हनतेत," बापूकाका म्हणाले. "बिनविरोध बिनविरोध म्हनतेत आन आयत्या येळंला हात वर करायला लावतेत. मी लई बघितलंय."

मी दादांकडं बघितलं. आयुष्यभर मी ज्यांच्याविरुद्ध पत्रकं काढली, त्या माणसाचा चेहरा अभिमानानं फुलला होता. "पोरगी आमच्याच संस्थेवर बोलनार हाय," ते म्हणाले. "मग संस्था न्हाई आली तर बरं दिसंल का?"

निबंधात संस्थेविषयी काय लिहिलंय, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. (तत्त्व म्हणजे तत्त्व, पण हिरवी साडी इस्त्री होत होती.)

एरवी एवढी माणसं जमली नसती. पण जनावरं चारा छावणीवर, रानात काम नाही, आणि छावणीला कडबा टाकून आलेला टेंपो रिकामा उभा! चर्चासत्राच्या दिवशी सकाळी मी बाहेर येऊन बघते तर टेंपोत अख्खी दूध संस्था. संचालक मंडळ पुढं, सभासद मागं, आई आणि बायका भाकरीची गाठोडी घेऊन मधोमध. डोक्यात कडब्याचा भुसा, हातात हार.

"दादा, हार कशाला?"

"निवडून आल्यावर शोधत बसायचं का?"

कॉलेजात टेंपो शिरला तसे आयोजक सर धावत आले. मला वाटलं, हाकलणार. पण त्यांचे डोळे भरून आले होते! कारण चर्चासत्राला श्रोते असे नसतातच. आपला नंबर येईपर्यंत थांबलेले वक्ते असतात. प्रत्येकजण आपलं वाचतो, प्रमाणपत्र घेतो आणि एसटीच्या वेळा विचारतो. (आमच्या सभेवर पत्रक काढलं, यांच्यावर कुणी काढायचं?) अशा ठिकाणी एकदम टेंपोभर जनता!

"या, या! सगळे अभ्यासक का?" सरांनी विचारलं.

"सभासद," दादा म्हणाले.

सरांनी सगळ्यांच्या छातीवर 'प्रतिनिधी' लिहिलेले बिल्ले लावले. झालं! बिल्ला लागल्यावर बापूकाकांची खात्रीच पटली. "बघितलं का? मतदानाचा हक्क दिला."

सत्राचे अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक होते. समोर घंटी, हनुवटी छातीवर, डोळे मिटलेले. ते चिंतन करत असावेत असं मला वाटलं. मधूनच चिंतनाचा आवाज यायचा.

आधी अंकुशचा नंबर. हडकुळा, शांत मुलगा. गुरं-मेंढरं राखणाऱ्या घरातला. दुष्काळभर घरच्या जनावरांबरोबर छावणीवर राहिला होता आणि त्यावरच लिहिलं होतं : रात्री कोण कुणाच्या दावणीला पाणी पाजतं, भांडण कसं मिटतं, बायका स्वयंपाकाची पाळी कशी लावतात. चांगलं होतं. फारच चांगलं होतं! मी माझ्या निबंधाची पानं पुन्हा मोजली.

मागून बापूकाकांची कुजबुज आली, "वैशे, हरकत घेऊ का?"

"गप बसा काका!"

"मानसं कुटं हाईत ह्याची?" काका दादांना विचारत होते. "एकटाच आलाय. लई आतल्या गाठीचा दिसतोय."

अंकुश संपवून खाली बसला. माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले तर दादांनी हार घातला. तो काढून टेबलावर ठेवला तर आईनं खालून खूण केली, घाल! पुन्हा घातला. झेंडूच्या मागून कागद नीट दिसेना. पण अंगात अशी वीज संचारली होती, की कागद नसता तरी चाललं असतं. समोर माझं गाव, पहिल्यांदाच मुकाट बसलेलं! आज यांना ऐकावंच लागणार होतं. शब्दन् शब्द! मी माईक धरला.

"अध्यक्ष महोदय आणि उपस्थित सभासद..." (चुकून गेलं. समोर सभासदच होते हो!) "माझ्या निबंधाचा विषय..."

"मंजूर?" दादा.

"मंजूर! मंजूर!!"

छप्पर हललं. टाळ्या! दादांनी नंतर शपथेवर सांगितलं, मुद्दाम नव्हतं. समोर टेबल, टेबलामागं अध्यक्ष, माईकवर 'विषय' म्हटलं की दादांच्या तोंडून आपोआप निघतं. आणि त्यांच्या तोंडून निघालं की गावाच्या तोंडून आपोआप निघतं. मंजूर झाल्यावर माणसं काय करतात? उठतात. अख्खं गाव उठलं आणि चहाकडं निघालं. गाव उठलं म्हणून बाकीचे प्राध्यापक उठले. ते सकाळपासून कुणीतरी उठायची वाट बघत होते.

या गलक्यानं अध्यक्षांचं चिंतन मोडलं. त्यांनी आधी घंटी वाजवली, मग डोळे उघडले आणि माईक ओढून घेतला. "अत्यंत मौलिक निबंध! काळाची गरज! सखोल मांडणी!"

"सर," मी म्हटलं, "मी अजून वाचलाच नाही!"

"वेळेच्या आत संपवलात, हे विशेष," असं म्हणून त्यांनी प्रमाणपत्र माझ्या हातात दिलं.

वाचकहो, त्या क्षणी मी काय करायला हवं होतं? हातात प्रमाणपत्र, पुस्तकात जागा पक्की. गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? पण मी पत्रकवाली! न ऐकता मंजूर, आणि तेही माझंच? मी टेबलावर हात आपटला. "सर, माझा या मंजुरीला विरोध आहे!"

दारातून दादा परत फिरले. "आगं, मंजूर झाल्यालं कशापायी उकरतीस?"

"माझी पण हरकत आहे," मागून शांत आवाज आला. अंकुश उभा होता. "पूर्ण वाचलेलाच निबंध छापायचा, असा नियम आहे. त्यांनी वाचलेला नाही."

"तुला कोन इचारलं बे?" बापूकाका चहाचा कप घेऊन धावत आले. "दादा, मी म्हनलं न्हवतं? आतल्या गाठीचा हाय!"

"काका, तो माझ्याच बाजूनं बोलतोय!"

"इरोधी उमेदवार तुझ्या बाजूनं कशाला बोलंल?"

अध्यक्षांना चहा दिसत होता. त्यांनी तोडगा काढला : "तुम्ही वाचा. मी बाहेरून ऐकतोच आहे. पूर्ण झाला की हे सांगतील." आणि अंकुशकडं बोट दाखवून ते गेले. बापूकाकांना दादांनी दंडाला धरून बाहेर नेलं.

सभागृहात दोघंच उरलो. माझी जागा, माझं पुस्तक, माझं सगळं त्या हडकुळ्या मुलाच्या एका शब्दावर! पण मी वाचलं. मोकळ्या खुर्च्यांना उद्देशून, मुठी आवळून, गळ्यातल्या झेंडूच्या पाकळ्या उडवत वाचलं. 'न ऐकण्याची संस्कृती' हे शब्द आले तेव्हा बाहेरून कपबशा वाजल्या. अंकुश एकदाही हलला नाही. संपलं. मी घाम पुसला.

"एक प्रश्न आहे," तो म्हणाला. "सगळे 'मंजूर' म्हणून चहाकडं जातात. मग पुढं काय होतं?"

"पुढं म्हणजे?"

"चहाच्या वेळी. सगळे भांडत असतील, हिशेब विचारत असतील, काहीतरी ठरत असेल ना? ते निबंधात नाही. तुम्ही एखाद्या सभेला शेवटपर्यंत बसला होतात का?"

मी दर वर्षी पहिल्याच विषयाला तरातरा निघून गेले होते. माझ्या संशोधनात प्रत्येक सभा बरोबर तिथंच संपत होती, जिथं मी चपला घालत होते!

मी अत्यंत करारी आवाजात म्हणाले, "चहा गार होईल."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. बाहेर येऊन त्यानं अध्यक्षांना सांगितलं, "पूर्ण वाचला." दोघांचेही निबंध पुस्तकात आले. मॅडमनी दोन्ही वाचले आणि जागा अंकुशला दिली. "त्याचा निबंध थांबलेल्या माणसाचा आहे," त्या मला म्हणाल्या. "तुझा उठून गेलेल्या माणसाचा."

बापूकाका फेरमोजणी मागायला निघाले होते. दादांनी गावात सांगून टाकलं, पोरगी थोडक्यात पडली.

पुढच्या वर्षी मॅडमकडं आणखी एक जागा निघाली, ती मला मिळाली. पण एका अटीवर : माझं प्रत्येक प्रकरण त्यांच्याकडं जाण्याआधी अंकुश वाचणार. तो वाचतो, शेवटपर्यंत वाचतो, आणि पानापानाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात एवढंच लिहितो, 'इथं आपण स्वतः हजर होता का?' आजवर एकाच पानावर मला छातीठोकपणे 'हो' लिहिता आलंय.

ते आभाराचं पान आहे.