पंढरी मिस्त्रींनी न मोजलेली चाकं

पंढरीनाथ मिस्त्रींचं काम कुणी तपासून बघितलेलं त्यांना खपत नसे. गाडी नेताना एखाद्याने सहज बॉनेट उघडलं तरी म्हणायचे, "विश्वास नव्हता तर आलात कशाला?" मूळचे गुहागरकडचे. गोडदेवात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज, आणि मी त्यांचा शेजारी. परळची खोली विकून आम्ही इथे राहायला आलो, तेव्हापासून माझी रविवारची सकाळ त्यांच्याकडच्या एका जुन्या टायरवर बसून जायची. माणूस खवचट, पण हातात जादू. मिस्त्रींची चूक दाखवा आणि माझी मिशी काढा, असं मी छातीठोकपणे सांगत असे. त्र्याण्णव सालच्या मे महिन्यापर्यंत सांगत होतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत समुद्राकाठच्या चौक गावचा राघो त्याची जीप घेऊन आला. लष्कराच्या लिलावातली जुनी फोर-व्हील गाडी, लिव्हर टाकला की पुढची चाकंही इंजिनाला जोडणारी. तिच्यात नंतर कुणीतरी डिझेल इंजिन बसवलेलं. राघो मच्छीमार, पण आठवड्यातून दोनदा सुकी मासळी भरून हायवेने मनोरच्या बाजाराला जायचा. वेगाचा काटा पन्नासच्या वर गेला की इंजिन असं बोंबलायचं, की शेजारी बसलेल्या बायकोचं, शेवंतीचं, बोलणंही त्याला ऐकू यायचं नाही.

"कान फाटाला आलं हाय, मिस्त्री," राघो म्हणाला. "डिझेल बी लय पिते."

दुसऱ्या कुणी पंपाचा एक स्क्रू पिळून गिऱ्हाईक वाटेला लावलं असतं. पंढरीनाथांनी खिशातून खडू काढला. मागचं एक चाक जॅकवर उचललं, चाकावर एक रेघ मारली आणि इंजिनाकडून मागच्या आसाकडे येणाऱ्या लांब दांड्यावर दुसरी. मग चाक हाताने दोनदा फिरवलं आणि दांडा किती वेळा फिरला ते मोजलं. पाचाच्या वर भरला.

"इथे आहे गोम," ते म्हणाले. "ही गाडी चिखलात जोर काढायला बनवली, हायवेवर पळायला नाही. चाक जरासं फिरायचं तर इंजिनाने गरगरायचं. ते प्रमाणच बदलू."

चार दिवस कुर्ल्याचं भंगार उपसून त्यांनी वेगळ्या दातांच्या चाकांची, क्राऊन-पिनियनची, जोडी आणली आणि मागच्या आसाच्या मधल्या गोळ्यात बसवली. पुन्हा खडू, पुन्हा मोजणी. सव्वाचार. काशीमिऱ्याहून वसईच्या पुलापर्यंत आम्ही चक्कर मारली. काटा साठावर, आणि इंजिन गुमान चाललंय. मागून शेवंतीने विचारलं, "मी बोलते ते ऐकाला येते काय?"

"येते ना," राघो म्हणाला, "आता वांदा झाला माजा." सगळे खो खो हसलो. पंढरीनाथ तर हसू लपवायला खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्या चाकांना मात्र खडू लागलाच नाही. आमच्याकडे येणाऱ्या जीपा रेती-सिमेंट वाहणाऱ्या. पुढची चाकं जोडायचा लिव्हर त्यांच्यात वर्षानुवर्षं गंजत पडलेला. कितीतरी जणांनी पुढचा दांडाच काढून भंगारात घातलेला. पुढचा आस म्हणजे शोभेचा, हे गोडदेवात सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. म्हणून पंढरीनाथांनी विचारलं नाही. राघोनेही सांगितलं नाही, कारण समुद्राकाठी फोर-व्हील जीप कशाला लागते हे कुणाला सांगावं लागतं, असं त्याच्या मनातही आलं नाही.

मेच्या अखेरीस राघोने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. त्या दिवशी त्याची होडी पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवायची होती. होडीला जाड दोर, दोराचं दुसरं टोक जीपला, आणि जीप वर सिमेंटच्या उतारावर. गाडीत राघोचा धाकटा भाऊ बबन. शेवंती आणि तिची जाऊ होडीखाली लाकडी ओंडके सरकवत होत्या. बबनने पुढची चाकं जोडायचा लिव्हर टाकला. माझ्या शेजारी पंढरीनाथ एकदम उभे राहिले.

"थांब!" ते ओरडले. पण लाटा आणि माणसांच्या कल्ल्यात कोण ऐकतंय! होडी अर्ध्यावर आली होती. जीप थरथरली, अडल्यासारखी झाली आणि तिच्या पोटात कडाडकन काहीतरी फुटलं. बबन ब्रेकवर उभाच राहिला, तरी होडीच्या वजनाने जीपच मागे ओढली गेली. होडी दहा-बारा हात खाली घसरली आणि थांबली.

जिथे थांबली तिथे दोन क्षणांपूर्वी शेवंती वाकलेली होती. पाण्याचा तांब्या घ्यायला ती बाजूला झाली होती, एवढंच. तांब्या तिच्या हातातून पडला.

राघो धावत गेला आणि बबनला खाली खेचून त्याने सगळ्या गावासमोर त्याच्या थोबाडीत दिली. "पिऊन आलास काय रे?"

"न्हाय, दादूस! मी काय न्हाय केला! लिव्हर टाकला न् चाललो."

दुसरी बसली.

पंढरीनाथ जीपखाली शिरून बाहेर आले. त्यांचा चेहरा बघून चूक कुणाची ते मला उमगलं. मी त्यांचा हात धरला आणि पुटपुटलो, "मिस्त्री, आत्ता नको. हे लोक फाडून खातील." आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्यांनी हात सोडवून घेतला. जॅक मागवला. मागच्या चाकावर रेघ मारून सगळ्यांसमोर मोठ्याने मोजलं. सव्वाचार. मग पुढच्या चाकावर. पाच झाले, तरी दांडा फिरतच होता.

"दोन बैल दोन चालींनी जुंपले तर जू मोडणारच," ते म्हणाले. "मागचं बदललं आणि पुढचं मी बघितलंच नाही. बबनची काही चूक नाही, राघो. त्या दोन्ही थपडा माझ्या होत्या."

राघो आपल्या हाताकडे बघत राहिला. मग शेवंती पुढे आली.

"मिस्त्री, मी मेले असते, तरी बोलला असता काय?"

मला वाटलं, ते हो म्हणतील. कुणीही हो म्हणालं असतं. हातातला खडू खिशात ठेवून पंढरीनाथ म्हणाले, "माहीत नाही, वहिनी."

त्या दिवशी आम्ही न जेवता परतलो. जीपचं काम त्यांनी महिनाभर खपून केलं, पुढच्या आसातही तशीच जोडी बसवली. गाडी न्यायला बबन एकटाच आला. त्याने चावी घेतली नाही. हात पुढे केला आणि म्हणाला, "खडू द्या."

पंढरीनाथांनी खिशातून खडू काढून त्याच्या हातावर ठेवला. बबनने मागचं चाक मोजलं, पुढचं मोजलं, आणि मग दोन्ही पुन्हा पहिल्यापासून मोजली. तेवढा वेळ मिस्त्री त्याच्यासाठी बॅटरीचा उजेड धरून वाकून उभे होते.

"बरोबर हाय," बबन म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

पंढरीनाथ माझ्या शेजारी टायरवर येऊन बसले आणि लहान मुलासारखे रडले.