गावीही नाही, कचेरीतही नाही

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. आरोपीचा चेहरा आठवतो तर गुन्हा आठवत नाही, गुन्हा आठवतो तर निकाल आठवत नाही. एक केस मात्र जशीच्या तशी शाबूत आहे. ती आठवली की त्या दिवशी मला जेवण जात नाही. बायकोच्याही आता लक्षात आलं आहे, ती विचारत नाही.

निवृत्ती जवळ आली होती. लालबाग-काळाचौकीचा परिसर आमच्या हद्दीत. गणपती जवळ आले की आमच्या ठाण्यात बाकी सगळी कामं मागे पडतात. मंडळांच्या बैठका, रांगांची आखणी, बाहेरून येणाऱ्या बंदोबस्ताची राहण्याची सोय, यातच दिवस जातो. हरवलेल्या माणसांच्या तक्रारी तर त्या दिवसांत ढिगाने येतात आणि बहुतेक माणसं संध्याकाळी आपापल्या घरी सुखरूप असतात. त्यामुळे चतुर्थीच्या तोंडावर एक बाई नवरा हरवल्याची तक्रार घेऊन आली, तेव्हा ठाणे अंमलदाराने तिला बाकावर बसायला सांगितलं आणि तो आपल्या कामाला लागला.

बाई पन्नाशीची. मूळ मालवणकडची, राहायला काळाचौकीच्या चाळीत. थेट गावाहून एसटीने आली होती. पिशवी मांडीवर घट्ट धरून, रडत नाही की आरडाओरडा नाही, नुसती बसून होती. अशी शांत बसलेली माणसं मी कधी बसवून ठेवत नाही. रडणारा माणूस थांबू शकतो. मी तिला केबिनमध्ये बोलावलं.

तिने मोबाईल पुढे केला. नवऱ्याचा मेसेज होता: "मखर काढलंस का? दूर्वा-फुलांचं शेजारी सांगून ठेव. मी आदल्या दिवशी पोचतो." अंमलदार माझ्या खांद्यावरून वाचत होता. यात वावगं काय आहे, असं त्याने विचारलं.

बाई त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "साहेब, ह्यांच्या सख्ख्या भावाला जाऊन आठवडा नाय झाला. खांदा ह्यांनीच दिला. घरात सुतक आहे, यंदा गणपती येणार नाय आमच्याकडे. तो माणूस मला मखराचं विचारेल?"

मी परळचा. आमचंही मूळ घर कोकणातलं. तो मेसेज मी पुन्हा वाचला. भावाच्या मृत्यूने माणूस सुन्न होईल, चिडेल, पिऊन पडेल, पण सुतकात मखर काढायला सांगणार नाही.

तिची हकीकत सरळ होती. दीर गेला म्हणून दोघं गावी गेले. क्रियाकर्माला ती थांबली, नवरा कामासाठी मुंबईला परतला, दहाव्याला येतो म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन लागेना, पण तिने मेसेज टाकला की मागोमाग उत्तर यायचं, "कामात आहे, रात्री बोलतो." रात्री फोन काही यायचा नाही. सुतकाच्या घरात माणसांची ये-जा, तिलाही उसंत नव्हती. मखराचा मेसेज आला तेव्हा तिने चाळीत फोन करून शेजाऱ्यांना दार बघायला सांगितलं. दाराला कुलूप होतं आणि दारात दुधाच्या पिशव्या नासून पडल्या होत्या.

"ह्यांच्या फोनवरून दुसराच कोण तरी माझ्याशी बोलतोय, साहेब," ती म्हणाली. मी मिसिंगची नोंद करायला लावली आणि तपास स्वतःकडे घेतला.

नवरा रे रोडला, लाकडाच्या वखारींच्या पलीकडे, बंदरातल्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका कंपनीत कारकून होता. तिथले साहेब मला बघून चकित झाले. त्यांच्या मते तो गावी होता. भावाच्या दिवसांसाठी त्याने रजा मागितली होती, ती मंजूर झाली होती आणि तो लगेच निघाला होता. शिवाय माणूस इतका कामाचा, की रजेवर असूनही रोजचे अहवाल पाठवत होता. साहेबांनी मला ते स्क्रीनवर कौतुकाने दाखवले. घरच्यांच्या मते तो कचेरीत, कचेरीच्या मते तो गावी, आणि दोन्हीकडे त्याची खबर मात्र वेळच्या वेळी पोचत होती.

त्याच्या शेजारच्या टेबलावर त्याचा मित्र बसायचा. लालबागचा, वयाने त्याच्याच बरोबरीचा. त्याचा जबाब घेतला. रजा मिळाली त्याच दिवशी आपण त्याला परळला एसटीत बसवून दिलं, असं त्याने सांगितलं. वर हेही सांगितलं की खिडकीची सीट मिळाली, आपण पाण्याची बाटली घेऊन दिली, आणि गाडी सुटेपर्यंत आपण खाली उभे होतो.

न विचारलेलं इतकं कोणी सांगू लागलं की मला खटकतं. पण सहकारी होता, डोळ्यांत खरंच काळजी होती, आणि बाहेर बंदोबस्त डोक्यावर बसला होता. शिवाय एसटीत बसलेला माणूस गावी पोचला नाही, तर वाटेत काय झालं हे आधी बघणं हा तपासाचा साधा नियम आहे. माझी माणसं त्या गाडीच्या चालक-वाहकाला शोधायला गेली. महामार्गावरची ठाणी, रुग्णालयं, बेवारस मृतांची यादी, सगळं विचारून झालं. माणूस कुठेच नव्हता.

बाई रोज ठाण्यात येऊन त्याच बाकावर बसायची. संध्याकाळ झाली की तिचा मोबाईल वाजायचा: "जेवलीस का? बीपीची गोळी घे." ती वाचायची आणि केबिनच्या दाराकडे बघायची. एकदा माझ्यासमोर तिने उत्तर लिहिलं, "तुम्ही कोण?" क्षणात उलट मेसेज आला, "कामात आहे, रात्री बोलतो." इतक्या वर्षांत खंडणीचे फोन ऐकले, धमक्यांची पत्रं वाचली. त्या चार शब्दांनी बसली तशी भीती कधी बसली नव्हती.

सायबर विभागाकडून खुलासा आला आणि सगळं उलटंपालटं झालं. मेसेज महामार्गावरून नव्हे, रे रोडवरून येत होते. त्याच कचेरीतून, हरवलेल्या माणसाच्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून. म्हणजे कोणीतरी त्याच्या खुर्चीत बसून त्याच्या बायकोची फसवणूक करत होतं. एसटी डेपोतही त्या दिवशी त्या दोघांना कोणी पाहिलं नव्हतं. मी मित्राला ठाण्यात बोलावून घेतलं.

लोकांना वाटतं चौकशी म्हणजे दरडावणं. दरडावल्यावर माणूस गप्प होतो किंवा काहीही कबूल करतो, दोन्ही निरुपयोगी. मी चहा मागवला. त्याच्या घरचं विचारलं. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर वडील पुढची कित्येक वर्षं रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचे आणि कुठेतरी बसून संध्याकाळी परत यायचे, असं तो सांगत होता. ते सांगताना तो खरं बोलत होता. मग मी बाईचा मोबाईल टेबलावर ठेवला आणि मखराचा मेसेज उघडला.

त्याने वाचला. चहाचा कप बाजूला सारला. भावाच्या सुतकाची त्याला माहिती होतीच.

"साहेब, हे त्याने लिहिलेलं नाय."

"मग कोणी लिहिलं? तू?"

"कोणीच नाय लिहिलं, साहेब."

मला वाटलं हा वेड घेऊन पेडगावला जातोय. पण तो बोलू लागला आणि मग थांबेचना.

काही महिन्यांपूर्वी कंपनीत प्रशिक्षण झालं होतं. बाहेरून एक मॅडम आल्या आणि एआयकडून रोजची कामं आपोआप कशी करून घ्यायची ते त्यांनी शिकवलं. ग्राहकांना उत्तरं, अहवाल, आठवण करून देणारे मेसेज. सरावासाठी आपण नेहमी लिहितो तो मजकूर यंत्राला द्या, ते तुमच्यासारखं लिहायला शिकेल, असं त्या म्हणाल्या. मी नंतर त्यांचाही जबाब घेतला. त्यांच्या वर्गात हा हरवलेला कारकूनच सगळ्यांत हुशार निघाला होता. सरावाला त्याने कचेरीची पत्रं घेतली नाहीत, ती भाषा आपली नाही म्हणाला. त्याने बायकोला गेल्या काही वर्षांत पाठवलेले मेसेज दिले. दरवर्षी गणपतीला ती आधी गावी जायची आणि हा मागून तयारीची विचारपूस करायचा. यंत्राने ते शिकून घेतलं, आणि पुढे तिला संध्याकाळची आठवण करणं, तिच्या मेसेजला उत्तर देणं, हेही त्याने यंत्रावरच सोपवलं. भाऊ गेल्याचं यंत्राला कोण सांगणार?

प्रशिक्षणानंतर दोघांचं दिवसाचं काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकू लागलं. दुसरा कोणी असता तर साहेबांना जाऊन दाखवलं असतं, शाबासकी घेतली असती. हे दोघे गिरणगावातले. नवं यंत्र आल्यावर पुढे काय येतं, ते त्यांनी घरात बघितलं होतं. रिकामे हात दिसले की खुर्ची जाणार, हे त्यांनी धरूनच चाललं. म्हणून अहवाल दिवसभर थोडेथोडे जातील अशी व्यवस्था त्यांनी केली आणि दुपारी आळीपाळीने कचेरीमागच्या कंपनीच्याच बंद गोदामात, वरच्या माळ्यावर, जाऊन पडू लागले. टेबलावर चष्मा आणि उघडी फाईल ठेवून जायचे, म्हणजे माणूस इथेच कुठेतरी आहे असं वाटावं.

"रजा मंजूर झाली तेव्हा तो म्हणाला, जरा वर जाऊन पडतो. घरी रडायला येत नाय, चाळीत सगळे बघतात," मित्र म्हणाला. "संध्याकाळी टेबलावर नव्हता. मला वाटलं, तिथूनच परस्पर गावी गेला. अहवाल तर येतच होते, साहेब."

"आणि एसटीत बसवल्याचं?"

तो खाली बघत म्हणाला, "गोदामाचं सांगितलं असतं तर दोघांची नोकरी गेली असती."

आम्ही तिथूनच निघालो. पंच बरोबर घेतले, साहेबांकडून गोदामाची किल्ली मागवली. पण मागचा पत्रा उचकटलेला होता, दोघांची वाट तीच. माळ्यावर चटई अंथरलेली होती. तिच्यापासून थोड्या अंतरावर फळ्या कुजून खचल्या होत्या. खाली माल चढवायच्या जुन्या लिफ्टची चौकोनी पोकळी होती. लिफ्ट केव्हाच काढून नेलेली, खड्डा तसाच उघडा.

तो खाली होता. मांडीचं हाड मोडलं होतं, फुटलेला मोबाईल शेजारी पडला होता. छपरातून गळणारं पाणी त्याने प्यायलं असावं, शर्ट काढून पाण्याच्या धारेखाली ठेवला होता. बाजूच्या पत्र्याला जागोजागी पोचे पडले होते. पलीकडच्या वखारीतल्या एका हमालाने सांगितलं, की पत्रा वाजल्याचा आवाज त्याने बऱ्याचदा ऐकला होता. मंडळाची पोरं ढोलाची तालीम करतायत असं त्याला वाटलं. त्या दिवसांत मलाही तसंच वाटलं असतं.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मी एकच गोष्ट विचारली, तो केव्हा गेला. मृत्यू ताजा होता. आम्ही मित्राचा जबाब घेतला तेव्हा तो जिवंत होता. माझी माणसं महामार्गावर बेवारस मृतांच्या याद्या चाळत होती तेव्हाही जिवंत होता. मित्राचं टेबल आणि तो खड्डा, मध्ये एक भिंत होती, आणि पत्र्याचा आवाज कचेरीतही सगळ्यांनी ढोलाचाच धरला होता.

हे मी मित्राला सांगितलं. सांगायला नको होतं असं काही सहकारी म्हणाले. मला तसं वाटत नाही. त्याच्यावर खोटी माहिती दिल्याचा आणि गोदामाच्या जबाबदार माणसांवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, कागद कोर्टात गेले. पण ऐकल्यावर तो जो बसला, तो घरचे न्यायला आले तरी उठेना. त्याची नोकरी गेलीच. पुढे कामासाठी मी त्या कचेरीत गेलो तेव्हा दोन्ही टेबलं काढून टाकलेली होती आणि तिथे कुंड्या ठेवल्या होत्या. काम चालूच होतं. दोघांना वाटलेली भीती खोटी नव्हती, याची मला आजही चीड येते.

बाईला मी रुग्णालयात नेलं. ओळख पटवून ती बाहेर येऊन बसली. मीही शेजारी बसलो. कचेरीतला कॉम्प्युटर पंचनामा होईपर्यंत बंद करायचा नाही अशा सूचना मीच दिल्या होत्या, आणि त्या धावपळीत पुढचं माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळ झाली आणि तिचा मोबाईल वाजला.

"जेवलीस का? बीपीची गोळी घे."

तिने वाचलं. मग तिने विचारलं, "साहेब, हा कोणी पाठवला?"

मित्राचं "कोणीच नाय लिहिलं" माझ्या कानात होतं. पण मी म्हणालो, "त्यांनीच."

तिने मान हलवली. पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी फोडली आणि पाण्याशिवायच गिळली.

या केसनंतर हाताखालच्या प्रत्येक अंमलदाराला मी एक सवय लावली. हरवल्याची तक्रार आली की शेवटचा मेसेज कधी आला हे नंतर विचारायचं. त्या माणसाला डोळ्यांनी शेवटचं कोणी पाहिलं, त्याचा आवाज शेवटचा कोणी ऐकला, हे आधी. माणूस आहे की नाही हे त्याच्या कामावरून ठरवायचं नाही. हा नियम मी निवृत्त होईपर्यंत पाळला आणि घरी अजून पाळतो.

नोकरीत हजारो जबाब घेतले. कोणता खरा, कोणता खोटा, हे मला पहिल्या दोन वाक्यांत कळायचं, अशी माझी ख्याती होती. त्या संध्याकाळी मी त्या बाईला दिलेला एका शब्दाचा जबाब मात्र खरा की खोटा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.